डावा डोळा तसाच असताना तक्रार निकाली काढल्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
विमा नियंत्रण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडणेबाबत.
संदर्भ : आपले निकालपत्र, दि. १२ फेब्रुवारी.

महोदय,

१. मी सव्वीस वर्षे घड्याळ दुरुस्तीचे काम करतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजव्याची शस्त्रक्रिया विम्यातून झाली. डाव्याची विमा कंपनीने नाकारली, कारण आजार ‘आधीपासूनचा’ आहे. म्हणजे कधीपासूनचा, असे विचारता उजव्या डोळ्यापासूनचा, असे सांगण्यात आले.

२. यावर मी आपल्याकडे तक्रार केली. आपण कंपनीला पंधरा दिवसांत निपटारा करण्याचा आदेश दिलात, तेव्हा घरी सर्वांना हायसे वाटले. चौदाव्या दिवशी कंपनीचा माणूस दुकानात आला. मी नुकताच तपासणीहून परतलो होतो. डोळ्यांत औषध घातल्यामुळे समोरचे सगळे पांढरे दिसत होते. तो म्हणाला, “काका, पोच आहे, इथे सही करा.” मी सही केली. त्या कागदावर ‘माझे पूर्ण समाधान झाले आहे’ असे लिहिले होते, हे आपले निकालपत्र सुनेने वाचून दाखवले तेव्हा कळले.

३. मी आपल्या कार्यालयात आलो. तेथील लिपिक सौजन्याने बोलले, हे नमूद करतो. कंपनीने मुदतीत पूर्तता केली, सबब नियम पाळला गेला, असे त्यांनी समजावले. मी म्हणालो, “साहेब, डोळा तर तसाच आहे.” त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. तीत आदेशाची तारीख, उत्तराची तारीख आणि शेरा, एवढेच रकाने होते. नवी तक्रार आधी कंपनीकडे करा, असा सल्ला मिळाला. ती केली. कंपनीने कळवले की हे प्रकरण आपल्या कार्यालयानेच मिटवले आहे. मी पुन्हा आपल्याकडे आलो. मला पुन्हा कंपनीकडे धाडण्यात आले. असे चार वेळा झाले.

४. दरम्यान लहान मनगटी घड्याळे मी घेईनासा झालो. गेल्या आठवड्यात एका शिक्षिकाबाईंच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग माझ्या चिमट्यातून निसटली. मी आणि पत्नी गुडघ्यांवर बसून तासभर फरशी चाचपत होतो. बाई “राहू द्या” म्हणाल्या आणि घड्याळ उघडेच घेऊन गेल्या. आजवर कोणी असे माझ्या दुकानातून गेले नव्हते.

५. सबब विनंती की, कंपनीच्या माणसाला माझ्यासमोर बोलवावे व सही कशी घेतली ते विचारावे. तसेच कोणतीही तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला एकदा तरी विचारण्याचा आदेश द्यावा.

६. डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत. म्हणून खर्चासाठी मी दुकानातले, सुटे भाग घडवण्याचे लेथ यंत्र विकले असून येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. डोळा बरा झाल्यास ‘अर्जदाराची अडचण उरली नाही’ असा शेरा मारून हा अर्जही निकाली काढू नये, ही कळकळीची विनंती.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
घड्याळ दुरुस्ती कारागीर
दि. ९ मार्च

सोबत : निकालपत्राची प्रत, डॉक्टरांचा दाखला, कंपनीची चार उत्तरे (चारही एकसारखी).