मगनच्या चाकूचे पोलाद

मी, झिपरू नथ्थू लोहार, वय अदमासे सहासष्ट, धंदा चाकू घडवण्याचा, राहणार नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हा कागद माझ्या खुशीने लेखकाकडून लिहवून ठेवतो. पायांवर सूज आहे, चार पावलांत दम लागतो, परंतु बुद्धी शाबूत आहे. कोणाची भीड नाही की दाब नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मुलगा मगन होता तोवर गरज वाटली नाही.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी विधवा सून धनुबाई मगन लोहार हिला पूर्ण मालकीने जावे. ती माहेरी गेली असती तर कोणी बोल लावला नसता, पण ती राहिली. भाऊबंदांनी तिला मागची एक खोली देऊन गप्प बसवू नये.

कलम २. भाता, ऐरण, सांडशा, सहाणेचे चाक आणि घरातले सर्व पोलाद अनीस याला द्यावे. बावीस वर्षे माझ्या पात्यांना शिंगाच्या मुठी त्यानेच बसवल्या. लोहाराची ऐरण मुसलमानाच्या घरी गेली म्हणून कुरकुर करणाऱ्याने आधी एक तरी चाकू घडवून दाखवावा.

कलम ३. अनीसने पोलाद निवडून वापरावे. जुन्या विलायती कानशीपासून घडवलेल्या पात्याला वस्तऱ्यासारखी धार येते, ती महिनाभर उतरत नाही, जत्रेत गिऱ्हाईक बघत राहते. पण ते पिळले की काचेसारखे तुटते. मोटारीच्या मोडक्या कमानीच्या पात्याला आठ दिवसांनी धार लावावी लागते. ते वाकते, तुटत नाही. ज्याच्या खिशात चाकू रोज असतो, तो त्याने दोरी कापतो, गाठ उकलतो, चाकात अडकलेला दगड उचकटतो. त्याला कमानीचेच पाते द्यावे. लाल तापलेले पाते तेलात बुडवून पाणी द्यावे, मग निळा रंग येईपर्यंत पुन्हा शेकून कडकपणा उतरवावा. हे मला तेव्हाही माहीत होते.

कलम ४. आता जे कोणाला सांगितले नाही ते लिहवतो.

सन १९२९ च्या उन्हाळ्यात मगनने माझ्याकडे चाकू मागितला. तो गाडी हाकत असे. म्हणाला, "बाबा, कमाननं पातं दे. वाकनं तरी चाली."

मी म्हणालो, "झिपरू लोहारना पोऱ्या वाकेल चाकू खिसामा लई हिंडी का?"

मी कानशीचे पाते केले. धार टिकावी म्हणून कडकपणाही पुरता उतरवला नाही. मूठ बसवताना अनीस म्हणाला, "झिपरूभाऊ, ये दुकान में टांगने का है. मगन की जेब में मत दो." मी त्याला हसलो.

त्या आश्विनात मगन आणि कोरीटचा त्याचा सोबती रेवजी एका गाडीत तापी ओलांडत होते. वर कुठेतरी पाऊस झाला होता, एकाएकी पाणी चढले. गाडी कलंडली. बैलाचा कासरा मगनच्या पायाला आवळला आणि बैल त्याला खाली ओढू लागला. दोर कातडीत रुतला होता, म्हणून ओल्या गाठीत पाते घालून त्याने पिळले.

दुसऱ्या दिवशी देह सापडला. मुठीत चाकू होता. लोक यायच्या आत रेवजीने तो बोटे सोडवून काढला आणि एकट्या मला आणून दिला. पाते बोटभरच उरले होते.

रेवजी म्हणाला, "बा, पातं तुटी गयं. मंग मी गाठले दात लायीसन वढं. नही सुटनी. हाई तुम्हीज ठेवा, कोणले सांगू नका."

त्याचे ओठ फाटलेले होते. मी पाहिले.

मगनकडे चाकू असून तो सुटला कसा नाही, असे दहाव्याच्या दिवशी पंचांनी मला विचारले. मी सांगितले, "माझा चाकू तुटणारा नाही. या रेवजीने हात दिला असता तर पोरगा वाचला असता." रेवजी समोर बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. पुढे त्याच्या गाडीसोबत कोणी गाडी जुंपेना. ठरलेले लग्न मोडले. आणि माझे चाकू सारंगखेड्याच्या जत्रेत विकले जात राहिले.

मी खोटे बोललो. रेवजीने माझ्या मुलाला सोडले नव्हते. माझ्या पात्याने सोडले.

कलम ५. कोरीट शिवारातील माझे दोन बिघे शेत रेवजीला द्यावे. ही भरपाई नव्हे. तुटका चाकू माझ्या पेटीत तळाशी आहे. धनुबाई मागेल तर तिला द्यावा, न मागेल तर तिच्यापुढे काढू नये.

येथवरचा मजकूर काल सकाळी लिहून झाला. लेखकाने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा धनुबाई चुलीपाशी होती. ती दारात आली.

"मामा, तुम्हले माहीत व्हतं?"

"माहीत व्हतं."

"नऊ वरीस मी त्या मानूसनी सावली आंगवर पडू दिन्ही नही."

तिने तवा उतरवला, पदर खोचला आणि पायी कोरीटला गेली. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार होतो?

दिवस मावळायच्या आत ती परतली, मागे रेवजी. केस पिकलेत त्याचे. तो ओट्यावर चढला नाही. उभ्यानेच म्हणाला, "बा, तुमनं वावर नको माले. मेल्यावर कागद वाचतीन, त्यानं मी काय करू? तुम्ही आजून जित्ता सेतस. गावमा या, नि तुमना तोंडे सांगा."

कलम ६. म्हणून मी आज कोरीटला जात आहे. डॉक्टरांनी गाडीत बसायला मनाई केली आहे. अनीस टांगा घेऊन उभा आहे, धनुबाई सोबत येते आहे. ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही. मी पोहोचलो तर पंचांसमोर स्वतः सांगेन. वाटेत माझे काही झाले, तर गाडी माघारी वळवू नये. मला तसेच कोरीटच्या चावडीवर न्यावे, आणि कलम ४ रेवजीच्या समोर, सर्वांना ऐकू जाईल असे वाचावे. अग्नी त्यानंतर द्यावा. शेत रेवजी नको म्हणाला तरी त्याच्याच नावे राहील.

हा कागद मी ऐकून, समजून, साक्षीदारांदेखत अंगठा उठवून पुरा केला.

झिपरू नथ्थू लोहार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
साक्ष : दिलवरसिंग गिरासे, राहणार नंदुरबार, सही
साक्ष : भिका सुतार, राहणार नंदुरबार, निशाणी अंगठा
मुक्काम नंदुरबार, तारीख १९ नोव्हेंबर १९३८