फ्रिज ठरला की निघू

४ जानेवारी
व्हॅन दारात उभी आहे. दोन बिछाने, छोटी शेगडी, हिने स्वतः शिवलेले पडदे. राहिला फक्त फ्रिज. हिची इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात, आणि महिनाभर किनाऱ्याने फिरायचं म्हणजे ढीगभर खोकी. चाळीस लिटरचा हवा. या आठवड्यात सोक्षमोक्ष.

१९ जानेवारी
कॉम्प्रेसरवाला उत्तम, पण महाग. साधा स्वस्त, पण उन्हात नांगी टाकतो. रिव्ह्यू वाचून डोळे गेले. लेक म्हणाली, समुद्र तासाभरावर आहे, आईचं औषध थर्मासमध्ये बर्फ घालून नेऊ, संध्याकाळी परत येऊ. थर्मास! पोरीला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

६ फेब्रुवारी
आनंदाची बातमी. डॉक्टरांनी इंजेक्शनं निम्म्यावर आणली. म्हणजे सुधारणा आहे. लेकीचं तोंड का उतरलं कोण जाणे. आता पंचवीस लिटर पुरेल. सगळी तुलना पुन्हा पहिल्यापासून.

२० फेब्रुवारी, सकाळी
ही आपणहून व्हॅनमध्ये जाऊन बसली. धाप लागली होती. मी तिला बॅटरीचं गणित समजावलं. डोळे मिटून ऐकलं तिने सगळं. मग म्हणाली, "अहो, फ्रिज राहू दे. मला एकदा पाण्यात पाय सोडून बसायचंय."
बसशील की, म्हटलं, पण नीट तयारीनिशी. अर्धवट कामं मला जमत नाहीत. तिने पडदा सरकवला आणि रस्त्याकडे बघत बसली.

३ मार्च
इंजेक्शनं पूर्ण बंद! डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू दे, हवं ते खाऊ दे. म्हणजे पथ्यसुद्धा संपलं. बाहेर पडताना नर्सबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अभिनंदनाचाच असणार. आता काय, सरबतापुरता बारा लिटरचा बास. घरी येऊन ऑर्डर केला एकदाचा.

११ मार्च
ही नुसते बर्फाचे खडे चोखते. दारापर्यंतही चालवत नाही. कुरियरवाल्याला सकाळपासून फोन करतोय. निघालाय म्हणतो. सोमवारी काहीही झालं तरी जायचंच. मला फार भीती वाटते आहे.

१५ मार्च
फ्रिज आला. ही काल गेली.

२ एप्रिल
मेकॅनिकने विचारलं, कुठे बसवू. डाव्या बिछान्याशी, म्हटलं, तिच्या हाताला येईल असा. त्याने तिथेच बसवला.
आज ट्रायल म्हणून लेकीला घेऊन समुद्रावर गेलो. फ्रिज एक नंबर. आवाज नाही, हादरा नाही, तापमानाचा काटा चारवरून हलला नाही. आत ठेवायला काही नव्हतं. वाटेत चहाला थांबूनही तासाभरात पोहोचलो.
लेक चपला काढून पाण्यात जाऊन उभी राहिली. मीही गेलो. पाणी कोमट होतं, हिला आवडलं असतं. मग लेकीने पिशवीतून थर्मास काढला आणि मला पाणी ओतून दिलं.
सकाळी घातलेला बर्फ तसाच होता.