परागचा डबा, माझा कॉम्प्युटर

४ नोव्हें., मंगळ.

फर्स्ट शिफ्ट करून तीनला घरी. दारात कुरियरवाला. पुण्याचं पार्सल, शुभाच्या नावाचं. ती शाळेत शिकवून यायची होती, सही मी केली. उघडायला नको होतं. उघडलं.

परागचा ऑडिओ इंटरफेस. म्हणजे माईक आणि कॉम्प्युटर यांच्या मधला डबा. राखाडी, चांगला जड, दोन माईक लागतात. त्याच्याकडे नवा आला म्हणून जुना हिला. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाठवला. धुतलेला असावा. सोबत एक माईक आणि चिठ्ठी, एकच ओळ: "शुभे, आता बहाणे नकोत."

शुभे. एकवीस वर्षं झाली लग्नाला, मी शुभाच म्हणतोय. मला हे सुचलं नाही.

५ नोव्हें.

शु. इतकी खूष की भाजीत दोनदा मीठ. मी खाल्ली.

पुस्तकं वाचून घेऊन ऐकवणारी एक कंपनी आहे. हिनं मोबाईलवर नमुना पाठवला होता, तो त्यांना आवडला. आता चाचणी: तीन कथा, घरी रेकॉर्ड करून, आवाज एकदम स्वच्छ, २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत. पास झाली तर वर्षभराचं काम. म्हणाली, "बेचाळीस वर्षांची झाली, आता कुठं कोणी माझा आवाज मागितला." रोज त्याच आवाजात मला गॅस बंद करायला सांगते. मी मागितला नव्हता हे खरं.

पराग तिच्या कॉलेजातला. दोघं एकांकिका करायचे. तो पुण्याला जाऊन रेकॉर्डिंगच्या धंद्यात पडला, ती माझ्याशी लग्न करून कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आली. असं ओळीत लिहिलं की माझंच मला कसंसं होतं.

म्हटलं, जोडून देतो. कॉम्प्युटर मी स्वतः एकेक पार्ट आणून बनवलेला आहे, दुकानातून तयार उचललेला नाही. लेक मुक्ता जुलैत अमरावतीला हॉस्टेलवर गेली, तिची खोली रिकामीच आहे. भिंतींना रजया ठोकल्या. खोली कापसाच्या गोदामासारखी दिसते.

७ नोव्हें., शुक्र.

डबा थंडरबोल्ट नावाच्या जोडणीचा आहे, तीही जुनी. तोंड वेगळं. माझ्या कॅबिनेटला नवं चपटं यूएसबी-सी. धरमपेठेतून अडॅप्टर आणला, दुकानदार म्हणाला बिनधास्त लावा. लावला. एकदम घट्ट बसला.

काही नाही. कॉम्प्युटरला पत्ताच नाही की आपल्याला कोणी भेटायला आलंय.

शु. चहा घेऊन दारात. "होते का?"
"होते."
तासाभरानं परत. "झालं?"
मी अडॅप्टर काढून पुन्हा बसवला. बिचारी कप घेऊन गेली.

९ नोव्हें., रवि.

सकाळपासून तेच. ड्रायव्हर दोनदा काढून दोनदा घातला. दुपारी तिनं मला न विचारता पुण्याला फोन लावला. स्पीकरवर.

"भाऊजी, त्या अडॅप्टरवर विजेची खूण आहे का?"
पाहिलं. नव्हती.
"मग तो फक्त मॉनिटरचा. तोंड सेम असतं ना, सगळेच फसतात."

सगळेच. बावीस वर्षं प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मापयंत्रांच्या कामाला आहे. टॅग वाचल्याशिवाय साध्या गेजलाही हात लावत नाही, नवीन पोरांना तेच शिकवतो. आणि घरी एक खूण पाहिली नाही. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तो मनापासून समजावून सांगत होता.

आणखी सांगितलं की नुसत्या यूएसबी-सीवर हा डबा चालायचा नाही. थंडरबोल्टचं वेगळं कार्ड बोर्डात बसवावं लागेल, आणि बोर्डावर त्याची जागा असायला हवी. माझ्या बोर्डावर आहे. हे मी जरा मोठ्यानंच सांगितलं.

भाऊजी म्हणतो मला. म्हणजे ही बहीण झाली ना. मग शुभे काय?

१२ नोव्हें., बुध.

कार्ड आणि खरा अडॅप्टर मागवला. शनिवारी येईल.

कंट्रोल रूममध्ये वानखेडे, माझा जोडीदार, म्हणाला, "काहून गा, चेहरा पाडून बसला?" डब्याचं सांगितलं, प.चं सांगितलं नाही. तो म्हणे, "मंग वहिनीले साधा यूएसबीचा नवा घेऊन दे ना. खल्लास."

खरंच. हे मला कसं सुचलं नाही? घरी येऊन म्हटलं, मी नवा आणतो.
"नवा काहून? हा चांगला आहे ना. पराग म्हणे, असा आवाज आताच्या स्वस्त डब्यात येत नाही."

पराग म्हणे, माईक तोंडापासून एक वीत. पराग म्हणे, वाचायच्या आधी सफरचंद खायचं. पराग म्हणे, दही बंद. जेवायला दही नव्हतं.

१५ नोव्हें., शनि.

कार्ड सकाळी आलं. आज माझी सुट्टी, तिची शाळा. घरात मी एकटा.

कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या जाळीवर राखेचा थर. आमच्याच प्लांटच्या चिमण्यांची, तक्रार कोणाकडे करणार. पुसून घेतलं. कार्ड बसवलं, त्याची बारीक वायर बोर्डात घातली, सेटिंगमध्ये जाऊन थंडरबोल्ट चालू केलं. तरी डबा मुका. मग लक्षात आलं: आधी डबा चालू करायचा, मग कॉम्प्युटर. बॉयलरला जसा क्रम असतो तसाच. उलट करून पाहिलं. स्क्रीनवर प्रश्न आला, या उपकरणाला जोडू द्यायचं का? 'नेहमी' दाबलं. डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

माईक लावला आणि काय बोलावं सुचेना म्हणून कालचं बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याचं रीडिंग आठवून म्हटलं. परत ऐकलं. माझा श्वाससुद्धा ऐकू आला. एवढा स्वच्छ आवाज माझा आहे हे पहिल्यांदा कळलं. पाच मिनिटं मी अगदी खऱ्या आनंदात होतो. तिला शाळेत फोन करणार होतो.

मग मिक्सरचं सॉफ्टवेअर उघडलं. आधीच्या मालकाची मांडणी डब्याच्या पोटातच साठवलेली असते, ती जशीच्या तशी वर आली. पहिल्या माईकवर नाव: पराग. दुसऱ्यावर: शुभी.

शुभीसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी ती एका श्रुतिकेसाठी पाच दिवस पुण्याला गेली होती. मला विचारून गेली. रोज फोन केला, आल्यावर सगळं सांगितलं, येताना मला चप्पल आणली. मला सगळं ठाऊक आहे. पण पाच दिवसांचं नाव माणूस दोन वर्षं पुसत नाही? रोज उघडत असेल तो हे. रोज बघत असेल.

वायर काढली.

दोनला ती आली. पर्ससकट थेट खोलीत.
"लागला?"
"नाही. पकडून नाही राहिला."

१६ नोव्हें., रवि.

प्लांटच्या लॉगबुकात आजवर एक खोटी ओळ लिहिली नाही. एकदा माझ्याच चुकीनं अलार्म आला होता, तोही माझ्या नावानं लिहिला. घरात लिहावं लागत नाही, तोंडानं बोललं की काम होतं.

आज पुढचं बोललो. "जुना प्रकार आहे. आपण जोडलेल्या कॉम्प्युटरवर याचा भरवसा नाही. मी नवा आणून देतो." यातला 'मी' मला फार आवडला.

तिनं डबा टॉवेलात परत गुंडाळला. "पराग म्हणे चालायले पाहिजे."
"मंग परागलेच विचार."
माझ्याकडे पाहत राहिली. मग टॉवेलाचं टोक आत खोचलं.

नवा यूएसबीचा मागवला. माझ्या पसंतीचा, काळा.

१८ नोव्हें., मंगळ.

काळा डबा २६ला येणार. चाचणी २५ला. मागवताना तारीख पाहिली नाही. टॅग न वाचणारा माणूस झालोय मी.

शु. मोबाईलवरच रेकॉर्ड करते आहे, खुर्चीवर बसून डोक्यावरून आणखी एक रजई घेऊन. कोळशाचा ट्रक गेला की थांबते. मी बाजूच्या खोलीत वालाच्या शेंगा सोलत होतो, सगळं ऐकू येत होतं. वाक्याच्या मधोमध ट्रक आला, ती थांबली, ट्रक गेला, आणि अर्धं वाक्य सोडलेल्या त्याच सुरात पुन्हा उचललं. जोड कुठं आहे ते सांगता येणार नाही. तिला हे येतं हे मला माहीत नव्हतं. त्याला असणार. आमच्या लग्नाच्या आधीपासून असणार.

बाहेर आली तेव्हा घामानं केस कपाळाला चिकटलेले. हेडफोन लावून ऐकलं. "फसफस येते," म्हणाली आणि सगळं खोडून टाकलं.

उठून दोन वायर लावायच्या होत्या. शेंगा संपल्या तरी मी बसून होतो.

२० नोव्हें., गुरू.

चहा घेताना: "मी पुण्याला जाऊन येते. पराग म्हणे इथं तीन दिवसांत होऊन जाईल. शनिवारी संध्याकाळची गाडी आहे, तिकीट काढलं. शाळेत सुट्टी टाकली."

"राहशील कुठं?"
"त्याच्याच घरी. आई आहे ना त्याची."

त्याची आई ऐंशीच्या पुढची आहे. ऐकू येत नाही.

जे होऊ नये म्हणून खोटं बोललो, ते मी स्वतःच्या हातानं घडवून आणलं. आता नको म्हणू तर कोणत्या तोंडानं?

२१ नोव्हें., शुक्र.

हाफ डे टाकून घरी. ठरवलं होतं, ती यायच्या आत लावून ठेवायचा आणि म्हणायचं, आत्ताच लागला. म्हणजे आणखी एक खोटं.

लावला. हिरवा दिवा. शुभी खोडून शुभा लिहिलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या डब्यात बायकोचं नाव दुरुस्त करून राहिलोय. लाज वाटली, पण तसंच ठेवलं.

ती आली. म्हटलं, आत्ताच लागला. खाली बसूनच गेली ती. हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती मागं लागले होते तुम्ही याच्या," म्हणाली आणि माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला नाही.

तिनं लगेच पुण्याला फोन लावला. "मानलं भाऊजी तुम्हाला," तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, त्यात काय.

आता तिकिटाचं काय, ते बोलली नाही. उद्या सकाळी पहिली कथा वाचून पाहते म्हणाली. जेवायला दही वाढलं मला. स्वतः घेतलं नाही.

२२ नोव्हें., शनि. दु. ४.३०

सकाळी तिनं पहिली कथा वाचली. मी दाराबाहेर स्टुलावर. एक सासू आहे त्या कथेत, एक मुलगा, एक डॉक्टर. तिन्ही आवाज तिचेच. कुठं अडखळली नाही. झाल्यावर मला आत बोलावून ऐकवलं. फसफस नाही, काही नाही. मला रडू येईल असं वाटलं. म्हणाली, "हे तुमच्यामुळे झालं."

हे ऐकून घेणं जमलं नाही.

"मागच्या शनिवारपासून चालून राहिला होता," मी म्हटलं.

तिनं हेडफोन काढले. "काय?"
"डबा. मागच्या शनिवारी सकाळीच लागला होता."
"काहून मंग?"

सांगितलं. शुभीचं, दोन वर्षांचं, शुभेचं, टॉवेलाचंसुद्धा. मोठ्यानं बोलताना ते इतकं एवढंसं निघालं की मध्येच थांबावं वाटलं, पण सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं.

तिनं हेडफोन टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "मी रजईत घुसून वाचून राहिली होती, आन् तुम्ही बाजूच्या खोलीत बसून होते. ऐकत होते."
"हो."
"मले वाटलं, माझ्याच आवाजात खोट आहे."

मी आठवडाभर परागचाच विचार करत होतो. तिला असं वाटत असेल हे एकदाही मनात आलं नाही.

"दार लावून घ्या," म्हणाली. "दुसरी वाचायची आहे."

तेव्हापासून आत आहे. दुसरी झाली असावी, मध्ये एकदा पाणी प्यायला आली होती. काल भरलेली बॅग पलंगावर तशीच, चेन लावलेली. इथं बसून तिसरीही सोमवारपर्यंत आरामात होईल. तिकडे जायची गरज उरलेली नाही. गरज नाही हे मला कळतं. तिला जावंसं वाटत असेल तर तो प्रश्नच वेगळा, आणि तो मी पाडलेला.

पाणी पिताना विचारलं, स्टेशनवर सोडू का. म्हणजे खरं तर विचारायचं होतं, जाणार आहेस का.

म्हणाली, "ऑटो सांगितला आहे पाचचा. लागला तर लागला, नाही तर परत पाठवीन." आणि आत गेली.

पाचला पंधरा मिनिटं आहेत. ती वाचते आहे. शब्द कळत नाहीत, सूर कळतो.