मुंडकेवाल्या गेमची तपासणी

१९ जुलै १९८७, रविवार
सोसायटीची मीटिंग. माणसं भरपूर, अक्कल माझ्या एकट्याकडे. विषय: तळमजल्यावरच्या गाळ्यात लवू परबने आणलेलं व्हिडिओ गेमचं मशीन. नाव काहीतरी इंग्रजी आहे, पण अख्ख्या मुलुंडची पोरं त्याला 'मुंडकेवाला गेम' म्हणतात. हातात कुऱ्हाड, थडग्यातून मढी उठतात, त्यांची मुंडकी उडवत पुढे जायचं. चेअरमन अनंतराव म्हणाले, मुलांवर वाईट परिणाम होतो का ते कोणीतरी नीट बघायला हवं. सगळे पंख्याकडे बघायला लागले. शेवटी मीच हात वर केला. ऑडिट सेक्शनमध्ये आयुष्य गेलं, खोट मला वासावरून कळते. एका भेटीत निकाल लावणार. निकाल तयारच आहे: मशीन बाहेर. लवूला गाळा सोडावा लागला तर सोडेल. समाज आधी.

२० जुलै
ऑफिसातून परस्पर गाळ्यात. लवू पूर्वी परळला मिलमध्ये होता, संपात नोकरी गेली, तेव्हापासून हे असले धंदे. मला बघताच स्टूल पुसलं. म्हणाला, 'सायबानू, नीट बघा आणि काय ता खरा सांगा. ह्या मशीनवर माझा घर चलता.' म्हटलं, भावना नकोत. त्याच्या बायकोने, जानकीने, चहा आणला. प्यायलो. चहाने मी विकला जात नाही.
गेम अगदीच भिकार. मढं म्हणजे हिरवा चौकोन, रक्त म्हणजे लाल ठिपके. याला घाबरणारी पोरं बावळटच असणार. स्वतः खेळून बघितला. पहिल्याच थडग्याशी मेलो. दांडा डावीकडे ओढतो. मशीन डिफेक्टिव्ह. पुन्हा मेलो. डिफेक्ट कन्फर्म.

२२ जुलै
शेवट बघितल्याशिवाय मत देणं अप्रामाणिकपणा होईल. म्हणून परत गेलो.
थडग्यांच्या पुढे विहीर लागते. विहिरीतून हात येतो. माझ्या तोंडून आवाज निघाला. मागची पोरं म्हणतात किंचाळलो. खोकला होता, पावसाळी हवा.
पोरं सारखी 'काका, आमचा नंबर' म्हणून भुणभुणत होती. सांगितलं, मी इथे तुमच्याच भल्यासाठी उभा आहे. कृतघ्न जमात.

२५ जुलै, शनिवार
नलिनीची तक्रार: मी झोपेत लाथा मारतो. काल 'तोड, तोड' असं ओरडलो म्हणे. कारण उघड आहे, वालाचं बिरडं. बाथरूमचं दार उघडं का ठेवता, असंही विचारलं. हवा खेळती राहावी म्हणून. बाई बी.ए. आहे, पण व्हेंटिलेशन कळत नाही.
जेवताना मीरा म्हणाली, 'बाबा, विहिरीपाशी भिंतीला चिकटून चालायचं.' आमची मुलगी, नववीत, फर्स्ट क्लास! तू खेळतेस? म्हणाली, कधीतरी, शाळेतून येताना. भीती नाही वाटत? तर म्हणते, 'खोटंच आहे ना ते.' ही पिढी आतून किती बधिर झाली आहे बघा. अहवालात हा मुद्दा वरच्या बाजूला घेणार.
(भिंतीला चिकटून. करून बघायला हरकत नाही.)

२८ जुलै
विहीर पार!! ऑफिसात हाफ डे टाकला होता. दुपारी पोरं शाळेत असतात, तपासाला शांतता मिळते. विहिरीनंतर जिना, जिन्यावर बाई, बाईला चेहरा नाही. घरी आलो ते लिफ्टने. जिना आरोग्याला चांगला वगैरे सगळं थोतांड आहे.

२ ऑगस्ट, रविवार
आज शेवटची खोली गाठली होती. गाठली होती! नेमका तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशचा धाकटा कानाशी ओरडला, 'काका, मागून येतोय!' मी मागे बघितलं. खरोखरचं मागे, गाळ्यात. तेवढ्यात मेलो. पोराला जरा बाजूला केलं. तो स्टुलावर आपटला, ओठ फुटला. लवू मध्ये पडला, 'सायब, पोराक मारू नकात!' मारलं नाही, बाजूला केलं. मराठी समजत नाही लोकांना.
एक मात्र झालं. इतके दिवस हवा होता तो पुरावा मिळाला. हा गेम माणसाला हिंसक करतो. आता अहवालाला कोण हात लावतो बघू.

५ ऑगस्ट
लवू आणि जानकी घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. लवू म्हणाला, लहान पोरांना मी स्वतः आत घेणार नाही, पण मशीन काढायला लावू नका, परत गावाला तोंड दाखवता येणार नाही. जानकी नुसती लादीकडे बघत होती. मी निःपक्षपाती असल्याचं दोघांना समजावलं. नलिनी आत भांडी आपटत होती.
ते गेल्यावर शेवटची पडताळणी म्हणून खाली गेलो. लवूने शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, 'तुमका नाय, सायब.' मला! अहवालात मालकाच्या उद्धटपणावर एक परिच्छेद वाढवला.

९ ऑगस्ट, रविवार
मीटिंग. अहवाल वाचला. 'कोवळ्या मनावर ओरखडे' या वाक्याला टाळ्या अपेक्षित होत्या. चंद्रप्रकाश उठला आणि म्हणाला, माझ्या पोराचा ओठ कोणी फोडला ते पण वाचा. म्हटलं, गेमने. तेव्हा अनंतरावांना बुद्धी सुचली की मुलांनाच विचारू. मीरा मागे दाराशी उभी होती. तिला पुढे बोलावलं, घाबरू नकोस, खरं सांग म्हणाले.
तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, 'मुलांना काही नाही होत. थोडे दिवस खेळतात, मग कंटाळतात. बाबांना होतं.'
कोणी हसलं नाही. हसले असते तर चांगलं झापलं असतं एकेकाला.
ठराव: मशीन राहील. आठवीच्या खालच्या मुलांना प्रवेश नाही. अहवाल दप्तरी घेण्याची गरज नाही. जानकीने दाराशी हात जोडले. मी मान डोलावली. नमस्कार मीराला होता.

१२ ऑगस्ट
मूर्खांची सोसायटी. यांच्यासाठी रक्त आटवलं. कमिटीचा राजीनामा द्यायचं ठरवलं, एकदम कडक इंग्रजीत. नलिनी म्हणाली, तुम्ही कमिटीवर नाही आहात. तपासलं. नाही आहे.
मीराशी तीन दिवस बोललो नाही. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार
सकाळी मीरा आली. म्हणाली, 'बाबा, संध्याकाळी गाळ्यात येता? लवूकाकांना मी विचारलंय. शेवटची खोली दाखवते. मी बाजूला उभी राहीन, मागून कोण आलं तर सांगेन.'
म्हटलं, छे, वेळ कुठे आहे, ऑफिसात अर्जंट काम आहे, आत्ताच निघतोय, रात्र होईल. ती बरं म्हणाली. नलिनीने डबा भरून दिला.
खाली झेंडावंदन चालू होतं. सगळी बिल्डिंग रांगेत उभी. मीही उभा राहिलो, बॅग आणि डबा घेऊन.