दुसरा धक्का

पाटण, डिसेंबर १९७३, गुरुवार

काल रात्री भूकंपाचा धक्का बसला. मांडणीवरची भांडी खणखणली. सांगलीहून लग्न होऊन आल्यापासूनचा माझा हा पहिलाच! सगळे अंगणात घोंगड्या पांघरून बसलो. मी सासूबाईंना बिलगून बसले. सासूबाई म्हणाल्या, "भिऊ नगंस. देवाचं गा काय तरी, गळा लय ग्वाड हाय तुजा." मामंजींसमोर गायचं? पण आरती सुरू केली, तर मामंजीच सगळ्यांत मोठ्यानं आणि बेसूर! आत्तासुद्धा हसू येतंय. मग टाळ निघाले, पहाटेपर्यंत भजन.

सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "दुसरा धक्का लय मोठा हुता, न्हाई?"

दुसरा? कधी? आत जाऊन पाहिलं, तर मांडणीवर एकही भांडं उरलं नव्हतं.