न मोजलेले श्वास

अक्का,

आज दुपारी वॉर्डातून फिरून आले आणि खुर्चीतच डोळा लागला. जाग येताना वाटलं, पलीकडे तुम्ही सिरिंजा उकळत ठेवल्या आहेत. थंडीतलं ऊन कॉटवर तिरपं पडलंय, तुमच्या छातीवर ते उलटं टांगलेलं घड्याळ आहे, आणि आपल्याला कसलीच घाई नाही. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलंय. दुबलगुंडी गावच्या त्या माणसाचे श्वास मी मोजले नव्हते. कागदावर मात्र वीस लिहिले होते.

गुलबर्ग्याहून नवीकोरी पदवी घेऊन मी त्या तालुक्याच्या दवाखान्यात आले होते आणि नाक जरा वरच होतं माझं. तुम्ही वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर, सगळ्यांच्या अक्का. तो सकाळी आला तो पोट धरून, पुढे वाकून. दुखणं पाठीत घुसत होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. स्वादुपिंडाला सूज आलीय हे मी चटकन ओळखलं आणि त्या ओळखण्यावरच खूश झाले. हा आजार कुणाला चार दिवसांत सोडतो, कुणाला गिळतो. तो कोणत्या वाटेनं चाललाय हे पहिल्या दिवसापासून ताडत राहायचं असतं. पुस्तकात ते वाचलं होतं, अंगात उतरलं नव्हतं. मी विचारलं, "कसं वाटायलंय?" तो म्हणाला, "आराम हाय, बाई. तुमी कामून उभ्या? बसा की."

आपल्या भागातली ही अदब मला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे! मी मन्नाएखेळ्ळीची. माझे अप्पा तापानं फणफणलेले असले तरी दारात आलेल्याला आराम हाय म्हणायचे. डॉक्टरसमोर दुखतंय म्हणणं म्हणजे डॉक्टरच्या हाताला नावं ठेवणं. तरी मी त्याचा शब्द खरा धरला, सलाईन लावलं आणि श्वासाच्या रकान्यात सवयीनं, धडधाकट माणसाचे असतात तसे, मिनिटाला वीस लिहून मोकळी झाले. रक्त बसनं गुलबर्ग्याला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. रक्तातल्या स्वादुपिंडाच्या रसाचा आकडा थोडाच वाढलेला. मी तो कागद नाचवत वॉर्डात येते, आणि तुम्ही त्याच्या कॉटशी उभ्या आहात, एक नजर घड्याळावर, एक त्याच्या वाकळेवर. एक मिनिट तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

"श्वास चौतीस हायत, डॉक्टर."

"पण आराम आहे म्हणतोय की तो."

"त्यो तुमचा मान राखायलाय. त्याच्या तोंडाकडं न्हाई, छातीकडं बघा. कालपसून लघवी किती झाली, ठाव हाय का? पाव बाटली बी न्हाई. त्या आकड्यानं रोग कळतंय, मानूस किती खचलाय ते न्हाई कळत."

सगळ्या वॉर्डासमोर बोललात. माझे कान तापले. पण गुलबर्ग्याला न्यायला जीप तुम्हीच मागवली, त्याच्या बायकोला पुढे बसवलं, वाकळ नीट खोचली. जाताना तो मला हात जोडून म्हणाला, "येतो, बाई." तिसऱ्या दिवशी गुलबर्ग्याहून निरोप आला, गेला म्हणून.

तेव्हा तुम्ही ड्रेसिंगच्या खोलीत त्याचा कागद मांडीवर घेऊन बसला होतात. बोट माझ्या अक्षरावर होतं. "सकाळी वीस हुते. म्हंजे सांजच्याला वाढले असतील. माझीच पाळी हुती की. मला कसं दिसलं न्हाई?" तुमचे डोळे भरून आले. मी कापसाचे बोळे करत राहिले. पहिल्याच सकाळी मोजले असते तर कदाचित तेव्हाच तीस भरले असते, आणि जीप एक दिवस आधी निघाली असती. त्यानंतर श्वास मोजल्याशिवाय तुम्ही एकाही रोग्याजवळून हलला नाहीत. लोक तुमच्या शिस्तीचं कौतुक करायचे, आणि मी पुढच्या कॉटकडे वळायचे.

तुम्ही रिटायर होऊन आपल्या गावी, कोहिनूरला, राहायला गेलात, तेव्हा सांगायचंच ठरवून मी आले होते. अंगणात तुम्ही तूर पाखडत होतात. जेवताना तुम्हीच विषय काढलात. "विसाचे चौतीस कवा झाले वो, डॉक्टर? आजून कळंना मला." मी म्हणाले, "होतं असं कधी कधी." तुम्ही मान हलवलीत आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकलीत. मी ती खाल्ली आणि पाचच्या बसनं परत आले.

आता मी शिकाऊ डॉक्टरांना पूर्ण मिनिट उभं करते, श्वास मोजायला लावते. अक्कांनी शिकवलं, असं सांगते. तेवढंच सांगते. तुमच्या धाकानं मी गप्प राहिले, अशी माझी मीच समजूत घालत आलेय. खरं तसं नाही, अक्का. माझीच पाळी हुती, असं तुम्ही म्हणालात ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.