आंबट आधी

११ नोव्हेंबर, मंगळवार

दादांस,

नमस्कार. थोरल्या भावाला पत्राच्या सुरुवातीला जे जे लिहायची रीत आहे, ते सगळं लिहिलं आहे असं समजावं. मी बरा आहे. तुमची खुशाली विचारत नाही. तुमच्या पत्रातल्या आवाजावरून ती दणदणीत दिसते.

पत्रात 'तुम्ही' लिहितो आहे. समोरासमोर तुला तू म्हणत आलो, पण त्या दिवसानंतर तेवढी जवळीक उरलेली नाही.

तुमचं पत्र पोचलं. 'बाबांना रविवारपर्यंत आणून सोड, नाहीतर मी येऊन त्यांना उचलून आणेन.' ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. मजकूर दुरुस्त होण्यासारखा नाही.

बाबा येणार नाहीत. ते काही शिवायला टाकलेलं कापड नाही की आज या दुकानात, उद्या त्या दुकानात.

तुम्ही लिहिता, मी भरल्या ताटावर तमाशा केला. तो कसा झाला ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी वेगळं सांगायला नको. रविवार होता, मी सुट्टीचा तुमच्याकडे जेवायला आलो होतो. दर रविवारसारखा भोपळा तुम्ही स्वतः केला होता, आंबट-गोड. वहिनींना तुम्ही त्या दिवशी चुलीजवळ फिरकू देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांच्या ताटात फोडी पडल्या. बाबांना दात नाहीत. एक फोड या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात, असं त्यांचं चाललं होतं. मी एवढंच म्हणालो, "दादा, हा शिजवलाय की नुसता चिरलाय?"

तुम्ही म्हणालात, "नको असेल तर ऊठ."

वहिनी म्हणाल्या, "दवाखान्याचं खाऊन खाऊन भाऊजींची जीभच आजारी पडलीये. त्यांना आता पेजच द्या."

तेव्हा मी उठलो, आणि बाबांनाही उठवलं. यात तमाशा कुठे आहे? म्हाताऱ्या माणसापुढे कच्चा भोपळा वाढणं हा तमाशा नाही का?

वहिनींचं एक बरोबर आहे. मी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आहे. नववीतून मला उठवून तुम्ही तुमच्या शिवणयंत्राशेजारी काजं-बटणं करायला बसवलंत, तिथून मी इथे स्वतःच्या पायांनी आलो. ज्यांना चावता येत नाही अशांसाठी रांधणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे तुमची चूक मला ताट बघूनच कळते. लिहितो, फुकट आहे, घ्या.

तुम्ही व्हिनेगर आधी ओतता. कढई तापली, कांदा पडला, फोडी पडल्या की लगेच बाटली उपडी. आंबटात पडलेला भोपळा आखडतो. मग झाकण ठेवा, पाणी घाला, देवाला हात जोडा, तो मऊ होत नाही. आधी फोडी तेलावर परतायच्या, झाकून वाफेवर पूर्ण शिजू द्यायच्या, फोड उलथन्याने सहज तुटली की मग साखर, आणि अगदी शेवटी आंबट. आमच्याकडे नवीन आलेली मदतनीससुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकते. तुम्ही इतकी वर्षं करताय आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही? की सांगितलं आणि ऐकलं नाही? मला दुसरं खरं वाटतं.

बाबांची तब्येत उत्तम आहे. खोली लहान असली तरी खिडकी मोठी आहे. पलंग त्यांना दिला आहे, मी खाली गादी टाकतो. दिवसभर ते समोरच्या गॅरेजमधल्या गाड्या बघतात. कामावर निघताना मी गॅस बंद केला की नाही ते पुन्हा पुन्हा बघतो, तेव्हा ते म्हणतात, "जा रे बाबा, बंद आहे." म्हणजे मजेतच आहेत.

येण्याची तसदी घेऊ नये.

नावापुरता तुमचा भाऊ


२४ नोव्हेंबर, सोमवार

दादांस,

नमस्कार. तुमचं दुसरं पत्र मिळालं. तुम्ही आला नाहीत, पत्रच आलं. 'उचलून आणेन' म्हणणाऱ्या माणसाचा जोर पोस्टाच्या पेटीपर्यंतच पोचला म्हणायचा.

या वेळी तुम्ही शिव्या कमी लिहिल्यात आणि एकच प्रश्न विचारलात. 'ते जेवतात का?'

हा काय प्रश्न झाला? मी आचारी आहे. माझ्या घरी माझा बाप जेवतो का, असं तुम्ही मला विचारता. उद्या मी विचारेन, दादा, तुम्ही स्वतः सदरा घालता का?

जेवतात. सकाळी चहात बुडवून पाव. दुपारी मी दवाखान्यातून येताना गरम डबा आणतो. वरण, भात, मऊ भाजी. रविवारी सुट्टी असते तेव्हा भोपळा करतो, बाबांना आवडतो म्हणून. परवाचा तर लोण्यासारखा झाला होता. जिभेने टाळूला लावला तर विरघळावा. आमचे मुख्य आचारी, त्यांना सगळे मेजर म्हणतात, ते सहज घरावरून जाताना आत आले होते. त्यांनी चमचाभर चाखला. म्हणाले, "भाजी केलीस की उशी भरलीस?" त्यांची थट्टा अशीच असते.

बाबांनी थोडा खाल्ला. थंडीत म्हाताऱ्या माणसाची भूक मंदावतेच. उरलेला त्यांनी ताटाच्या कडेला नीट सारून ठेवला, आणि ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "चांगला झालाय." चांगला झालाय, असं ते म्हणाले. तुमच्याकडे कधी म्हणाले होते का? मला आठवत नाही. तुमच्याकडे ते काहीच न बोलता गालात घोळवत बसायचे, अर्धी दुपार.

त्यांच्या पायजम्याची कंबर मी परवा थोडी आत घेतली. धुऊन धुऊन नाडीचं घर सैल झालं असावं. टाके बारीक घातले आहेत, तुमच्या हाताखाली शिकलो तेवढं तरी कामी आलं. याचं वाईट वाटून घेऊ नये.

एक विचारतो, उत्तर दिलंत तरी चालेल, नाही दिलंत तरी चालेल. तुमच्याकडे असताना ते रविवारी खरंच पूर्ण ताट संपवायचे का? वहिनी त्या दिवशी तावातावाने म्हणाल्या होत्या, "रविवारी ताट धुवायला लागत नाही मामंजींचं." मला तेव्हा ती बढाई वाटली. अजूनही वाटते.

मी तुम्हाला बोलावत नाही आहे, हे स्पष्ट असावं. आणि बाबांना इथून हलवायचा विषय पुन्हा काढू नये. त्यांना उगाच बसचा हेलकावा नको, इतकंच कारण आहे.

भाऊ


७ डिसेंबर, रविवार

दादा,

नमस्कार. हे पत्र दुपारीच लिहायला घेतलं आहे. खुशाली वगैरे नंतर.

बाबा जेवत नाहीत. मागच्या पत्रात जेवतात लिहिलं होतं, ते तू मनातून पुसून टाक. पाव खातात, चहा पितात, बाकी ताट कडेला सारतात आणि 'चांगलं झालंय' म्हणतात. सगळ्याला चांगलं झालंय म्हणतात. पायजम्याची कंबर मी पुन्हा आत घेतली, आणि आता आत घ्यायला कापड उरलेलं नाही. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी घरी आणलं. त्यांनी छाती, पोट, जीभ, सगळं बघितलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. खायला घाला." मला! मला सांगतात, खायला घाला.

आज मी भोपळा चिरायला घेतला. जाड सालीचा, चांगला पिकलेला, बिया खरवडताना चमचा वाकला. बाबा खिडकीजवळच्या पलंगावर होते. मी म्हणालो, "आज पूर्ण खायचा हं." ते म्हणाले, "करतोस कशाला? राहू दे." मला राग आला. दिवसभर दुसऱ्यांना भरवून यायचं, आणि घरी स्वतःचा बाप म्हणतो राहू दे. मी जरा ओरडलोच. "मग काय करू? दादासारखं आंबट आधी ओतू? दगड खायचेत का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "हो."

तुला माहीत आहे, त्यांना बोलतं करणं म्हणजे गंजलेली कडी उघडणं. मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "हो काय?"

"तुझी आई तसाच करायची. आंबट आधी. फोड उभी राहिली पाहिजे म्हणायची."

"आणि चावायची कशी?"

"चावायची कशाला? ती तोंडात धरायची असते. आधी आंबट सुटतं, मग गोड. तेवढ्यात कामाची दुपार सरते." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू लहान होतास. तुला कुस्करून द्यायची ती. थोरला खायचा आमच्यासारखा."

दादा, मी सुरी उचलली आणि न चिरता पुन्हा खाली ठेवली.

ती गेली तेव्हा मी एवढासा होतो, मला तिच्या हातचं काही आठवत नाही. वास नाही, चव नाही. तिचा आवाजसुद्धा मी तुझ्या नि बाबांच्या बोलण्यावरून बनवला आहे. आणि तू दर रविवारी तिच्या हातचं माझ्यासमोर ठेवत होतास. मी ते कच्चं म्हणून बाजूला सारलं, त्यावर विनोद केले, आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगून हसवलं की माझ्या भावाला भोपळा शिजवता येत नाही. तू एकदा तरी बोलायचं होतंस! 'गाढवा, हे आईचं आहे, गप खा' एवढं म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? शिवणयंत्राजवळ बसवून दिवसभर टाक्यावरून बोलायचास, काज वाकडं म्हणून कान पिळायचास. तेव्हा जीभ बरी चालायची. या एका गोष्टीला मात्र कुलूप. 'नको असेल तर ऊठ' म्हणालास, आणि मी उठलो, आणि बाबांनाही उठवून आणलं. त्यांच्या पुढ्यातलं काय उचललं ते तुला कळत होतं, मला कळत नव्हतं. हे मी तुला माफ करणार नाही.

आता पुढचं ऐक. मी व्हिनेगर आधी ओतलं. हात ऐकत नव्हता, तरी ओतलं. कढईतून उग्र वाफ उठली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाबा पलंगावरून उठले. मी हाक मारली नव्हती. भिंत धरत धरत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कढईकडे बघत राहिले. गेल्या पंधरवड्यात ते नहाणीशिवाय कशासाठीही उठलेले नाहीत.

फोडी उभ्या राहिल्या. साखर घातली, रस दाट होईपर्यंत थांबलो. वाटीत दिलं. त्यांनी एक फोड तोंडात धरली. मी त्यांच्या गालाकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली, आधी होकारासारखी, मग नकारासारखी.

"जवळ आलास," म्हणाले. "पण ते नाही."

"काय राहिलं?"

"मला काय माहीत? मी खाणारा. थोरल्याला विचार."

वाटी त्यांनी संपवली नाही. पण बाजूलाही सारली नाही. आत्ता मी लिहितो आहे तेव्हा ती त्यांच्या मांडीवर आहे, आणि त्यांच्या गालात फोड आहे. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करतंय आणि ती होत नाहीये. बाबा त्याच्याकडे बघून पुटपुटतात, तोंड भरलेलं असल्यामुळे कळत नाही.

तर विचारतो. काय राहिलं? व्हिनेगर किती, साखर त्याच्याबरोबर की मागून, कांदा लाल करायचा की नुसता नरम, झाकण ठेवायचं की उघडं? मी इथे तिथे अंदाज बांधू शकतो, पण बाबांच्या अंगावर आता माझ्या अंदाजांपुरतं मांस नाही. पत्राने कळवू नकोस. तुझ्या अक्षरातून मला 'अर्धा चमचा' म्हणजे नेमका किती ते कळणार नाही आणि तू ते बरोबर लिहिणारही नाहीस.

तू ये. बाबांना बस झेपणार नाही, त्यामुळे न्यायचं मनात आणू नकोस, निदान आत्ता नाही. ते पुन्हा उभे राहिले की कुठे राहायचं ते त्यांचं ते ठरवतील, मी आड येणार नाही. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं, तरी लिहिलं आहे.

येताना रिकाम्या हाताने ये. भोपळा, व्हिनेगर, सगळं इथे आहे. माझ्या स्वयंपाकघरात तू उभा राहा, मी कडेला उभा राहीन. मध्ये बोलणार नाही. तू सवयीप्रमाणे उलथनं कढईवर आपटशील, तेसुद्धा ऐकून घेईन. फक्त एक माझ्यासाठी कर. शेवटची फोड काढताना मला दाखव, आणि हे असं का, एवढं तोंडाने सांग.

त्याने तुझं माझं मिटलं असं समजू नकोस. काही मिटलेलं नाही. तुझ्या शिवणयंत्राचा, माझ्या शाळेचा, वहिनींच्या पेजेचा, सगळा हिशेब तसाच आहे. बाबा जेवले की मग आपण दोघं बाहेर गॅलरीत जाऊन सावकाश भांडू.

पहिली बस सकाळी येते. मधेच पेन ठेवून मी मेजरांच्या घरी गेलो आणि तू येशील त्या दिवसाची सुट्टी सांगून आलो. मेजर म्हणाले, "भावाला बोलावलंस? मग आता जग बुडणार." मी म्हटलं, बुडू दे, आधी बापाला जेवू दे.

दार उघडंच ठेवतो.

ज्याला आईने कुस्करून भरवलं होतं, तो तुझा धाकटा